मॅकेंझीच्या राईतून सायकल कशी चालवावी

एका सप्टेंबरात, अमेरिकेतल्या मॅकेंझी नदीकाठच्या वाटेवर, बेलनॅप नावाच्या ठिकाणाच्या वरच्या अंगाला हेमलॉकचं एक झाड आडवं पडलं होतं. ओंडका माझ्या कमरेइतका उंच. मी दमले होते, पाणी संपत आलं होतं, आणि डावीकडे नेच्यांमधून चार पावलांची मोकळी जागा दिसली. सायकल ढकलत तिथून वळसा घातला आणि पलीकडे आले. पुढच्या जूनमध्ये परत गेले तेव्हा ओंडका करवतीने कापून वाट मोकळी केलेली होती, पण माझा वळसा तिथेच होता. हातभर रुंद झाला होता. शेवाळ उडून काळी माती उघडी पडली होती आणि तीन-चार वेगवेगळ्या टायरांच्या खुणा तिच्यात उमटल्या होत्या. ती वाट मी एकटीने पाडली असं नाही. पण पहिली मी असू शकते, हे काही मनातून जात नाही.

तेव्हापासून पोर्टलंडजवळच्या बीव्हरटनच्या आमच्या सायकलगटातलं कुणी पहिल्यांदा या वाटेवर निघालं की मी आधी हेच सांगते. इथे चांगली सायकल चालवणं म्हणजे वाट आहे तेवढीच अरुंद ठेवणं. ब्रेक कुठे दाबायचा, मुळावरून चाक कसं न्यायचं, कुठे उतरायचं, हे सगळं त्यासाठीच शिकायचं. ज्याला मूळ ओलांडता येत नाही तो मुळाच्या बाजूने जातो. ज्याला ब्रेक मारता येत नाही त्याचं मागचं चाक माती खरवडत जातं. आणि त्या मातीला तयार व्हायला किती काळ लागला असेल, ते आजूबाजूच्या झाडांकडे बघून समजतं.

आधी वाट कुठली ते सांगते. ओरेगन राज्यातल्या विलॅमेट नॅशनल फॉरेस्टमध्ये मॅकेंझी नदीच्या काठाने जाणारी ही पाऊलवाट, लांबी सुमारे २६ मैल, म्हणजे ४२ किलोमीटरच्या आसपास. वरचं टोक क्लिअर लेक या तळ्यापाशी, जवळपास ३००० फुटांवर. खालचं टोक मॅकेंझी ब्रिज गावाजवळ, साधारण १४०० फुटांवर. सायकलवाले वरून खाली येतात. एवढ्या लांबीत एवढाच उतार म्हणजे नुसतं बसून घरंगळत जायचं असं कुणी समजू नये. मधे बारीक बारीक चढ सतत येतात, आणि वरचा भाग इतका खडबडीत आहे की तिथला एक मैल खालच्या चार मैलांइतका घाम काढतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने सहा-सात तास हाताशी ठेवावेत.

पोर्टलंडकडून येणाऱ्याने सेलमवरून २२ नंबरचा रस्ता, मग २० आणि शेवटी १२६ धरून दक्षिणेला क्लिअर लेक गाठावं. यूजीनकडून आलात तर १२६ सरळ पूर्वेला. त्या बाजूने येताना ब्ल्यू रिव्हरच्या परिसरात दोन्ही अंगांना जळालेले डोंगर दिसतील. सप्टेंबर २०२० मधल्या हॉलिडे फार्म वणव्याने १ लाख ७३ हजार एकर जाळले, ब्ल्यू रिव्हर गाव त्यात गेलं. मी दर वेळी तिथे गाडी हळू करते.

दोन गाड्या असतील तर एक खाली मॅकेंझी ब्रिजच्या रेंजर स्टेशनपाशी ठेवा आणि दुसरीतून सगळे वर जा. एकच गाडी असेल तर मोसमात सायकली वर नेऊन सोडणारं शटल मिळतं, ते आधी ठरवून ठेवावं लागतं. आमच्याकडे नवरा वर सोडून खाली येऊन थांबतो. वाट बऱ्याच ठिकाणी हमरस्त्याच्या जवळून जाते, मधे रस्त्याला मिळणारे फाटेही आहेत, त्यामुळे कुणाचा गुडघा दुखला तर बाहेर पडता येतं. पण मोबाइलला रेंज नसते. नकाशा घरूनच उतरवून घ्या, आणि कुठल्या फाट्यावर किती वाजेपर्यंत पोचणार ते खाली थांबलेल्या माणसाला कागदावर लिहून द्या.

आता जंगल. मी भोरची. मामाच्या गावी देवराई होती. तिथून वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही, असा दंडक. आजी तिथे चपला काढायला लावायची. मॅकेंझीच्या काठावर पहिल्यांदा आले तेव्हा मला तेच आठवलं. इथली डग्लस फर ही सूचिपर्णी झाडं पाचशे वर्षांची आणि त्याहून जुनीही आहेत. महाराजांचा जन्म १६३० चा. त्याच्याही शंभर वर्षं आधी रुजलेली झाडं अजून उभी आहेत आणि आपण त्यांच्या मुळांवरून चाक नेतो. जुन्या झाडाची साल वीतभर जाडीची असू शकते, वणव्यात ती आतल्या जिवाला राखते. त्यांच्या सावलीत वेस्टर्न हेमलॉक आणि रेड सीडर वाढतात. पडलेल्या ओंडक्यावर हेमलॉकची रोपं ओळीने उगवलेली दिसतील. ओंडका कुजत जातो आणि त्याच्यावर पुढची पिढी उभी राहते.

इथून फार लांब नाही, ब्ल्यू रिव्हरजवळ, एच. जे. अँड्र्यूज हे प्रयोगाचं जंगल आहे, १९४८ मध्ये स्थापन झालेलं. तिथे १९८५ मध्ये पाचशेच्या वर ओंडके जंगलात मांडून ठेवले आणि ते कसे कुजतात याचा अभ्यास सुरू केला. तो २०० वर्षं चालवायचं ठरलेलं आहे. सुरू करणाऱ्यांना माहीत होतं की शेवट आपण बघणार नाही. नॉर्दर्न स्पॉटेड आउल हे घुबड असल्याच जुन्या जंगलात राहतं. ते १९९० मध्ये धोक्यातल्या जातींच्या यादीत आलं आणि सरकारच्या १९९४ च्या वन-आराखड्याने या पट्ट्यातली जुनी जंगलं मोठ्या प्रमाणावर राखीव झाली. हे सांगते कारण वाटेवर आडवा पडलेला ओंडका पाहून 'हा कचरा बाजूला करा की कुणीतरी' असं मनात येतं. ओंडका कचरा नाही. कुठे कापायचा ते जंगल खात्याची आणि स्वयंसेवकांची माणसं ठरवतात. आपण त्याच्यावरून सायकल उचलून न्यायची.

अजून दोन नियम. शेजारीच माउंट वॉशिंग्टन आणि थ्री सिस्टर्स ही वाइल्डरनेस क्षेत्रं, म्हणजे कायद्याने राखलेली रानं आहेत, तिथे सायकलला बंदी आहे. नकाशावर एखादी सुंदर वाट तिकडे वळताना दिसली तरी ती चालणाऱ्यांची. आणि ई-बाइक या वाटेवर चालत नाही. जंगलखातं तिला मोटरगाडीच्या रांगेत धरतं.

सायकलीबद्दल थोडक्यात. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असेल तर उत्तम, पण मी पहिली तीन वर्षं फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलीवर केली, त्याने काही अडत नाही. अडतं ते टायरवर. २.४ इंच रुंदीचा, जाड कडेचा, ट्यूबलेस टायर घ्या. हवा किती? माझं वजन ६२ किलो. मी पुढे २० आणि मागे २३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते. तुम्ही ८० किलोचे असाल तर दोन्हीकडे तीन-चारने वाढवा. रस्त्यावरच्या सवयीने लोक ३५ भरून येतात आणि पहिल्या मुळावर चाक चेंडूसारखं उडतं. उलट फार कमी भरली तर वाटेवरच्या लाव्हाच्या खडकाच्या कडेवर रिम आपटते. घरून निघताना दोन पीएसआय जास्त भरा आणि वाटेच्या तोंडाशी मोजून कमी करा. हवा मोजायचं छोटं यंत्र खिशात असू द्या. अंगठ्याने दाबून केलेला अंदाज तिथे उपयोगाचा नाही.

सीट खाली घेता येणारा ड्रॉपर पोस्ट मला या वाटेसाठी आवश्यक वाटतो. सीट वर असेल तर शरीर मागे-पुढे हलत नाही, आणि सगळं तंत्र त्या हलण्यावर उभं आहे. गुडघ्याला पॅड, बोटं झाकणारे हातमोजे, हेल्मेट. पॅडल सपाट, पायाला अडकवणारं नको. तुम्हाला वीसदा पाय टेकायचा आहे.

पिशवीत काय असावं: ट्यूबलेसच्या भोकात भरायचे रबरी प्लग, एक ट्यूब, पंप, साखळीची जोडकडी, षटकोनी पान्ह्यांचा संच, बँडेज, गांधीलमाशीच्या दंशासाठी ॲलर्जीची गोळी. ऑगस्ट-सप्टेंबरात गांधीलमाशा वाटेकडेच्या मातीत पोळी करतात. पुढच्याच्या चाकाने त्या उठतात आणि मागच्याला चावतात. तीन लिटर पाणी आणि गाळणी. खायला मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू नेते, गोड वड्यांपेक्षा ते दुपारी जास्त साथ देतात. चिवड्याचं रिकामं पाकीट टाकू नका. लाव्हाने टायरची कड फाटली की प्लग धरत नाही. अशा वेळी पाकिटाची चौपदरी घडी टायरच्या आतून फाटलेल्या जागी ठेवायची, ट्यूब घालायची आणि हलकी हवा भरायची. मी असं करून चौदा मैल आले आहे.

आता सराव. हा घरीच करायचा, जंगलात नाही.

शाळेत स्नेहसंमेलनाच्या आधी हळू सायकलची शर्यत असायची, आठवतं? पाय न टेकवता जो शेवटी पोचेल तो जिंकला. या वाटेसाठी त्याहून चांगली तयारी मला अजून सापडलेली नाही. पार्किंगच्या जागेत खडूने दोन रेघा काढा, वीतभर अंतरावर, तीस फूट लांब. त्यांच्यामधून जितकं हळू जाता येईल तितकं जा. दोन्ही ब्रेकवर एकेक बोट, किंचित दाबलेलं, आणि त्याच वेळी पॅडलवर हलका जोर. ब्रेक आणि पॅडल एकमेकांविरुद्ध ओढतात तेव्हा सायकल स्थिर होते. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. लाव्हावर लागणारं निम्मं कौशल्य इथेच येतं.

दुसरा सराव ओल्या लाकडाचा. घरामागच्या गवतावर दोन-तीन जुन्या फळ्या टाका, नळाने भिजवा. आधी काटकोनात ओलांडा. मग फळी तिरपी करा, निम्म्या काटकोनात, आणि पुन्हा ओलांडा. चाक फळीच्या अंगाने घसरू लागेल. ते का घसरतं ते गवतावर पडून समजून घेतलेलं बरं.

उभं राहण्याची रीत तर पहिल्या दिवसापासून हवी. दोन्ही पॅडल समपातळीत, टाचा थोड्या खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले, कोपर बाहेर, कंबरेतून वाकून छाती खाली, नजर पुढे. बैलगाडीत उभा राहिलेला माणूस गुडघे सैल ठेवतो तसे सैल. वजन पायांवर, हातांवर नाही. हात हलके आहेत की नाही हे तपासायला मधेच बोटं उघडून बघा. तोल गेला तर वजन हातांवर होतं.

लाव्हा

तळ्यापासून निघालात की खडक लगेच भेटतो. क्लिअर लेक हे तळं सुमारे ३००० वर्षांपूर्वी लाव्हाने नदी अडवल्यामुळे झालं. पाणी इतकं थंड आणि नितळ की तेव्हा बुडालेल्या झाडांची खोडं तळाशी अजून उभी आहेत. काठावर थांबून ती जरूर बघा.

आपण सह्याद्रीची माणसं, बेसाल्ट आपल्या ओळखीचा. पण आपला कातळ ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे, पावसाने घासून गोल झालेला. इथला ३००० वर्षांचा, त्याच्या कडा अजून मोडलेल्या नाहीत. हात टेकला तर सोलतो. घाटात कातळावर पाय ठेवताना जो भरवसा वाटतो तो इथे ठेवू नका.

लाव्हाचा सर्वांत अवघड पट्टा कार्मेन जलाशयापासून टॅमोलिच या निळ्या डोहाच्या लगेच पलीकडेपर्यंत आहे, त्यातही डोहाच्या अलीकडचा-पलीकडचा. तिथे वेग नको, पण थांबणंही नको. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने पुढे सरकत राहायचं. गिअर मधला ठेवा. फार हलका असेल तर पाय फिरतात आणि सायकल जात नाही, फार जड असेल तर दगडासमोर अडकता. पॅडल पूर्ण फिरवू नका, खालचं पॅडल दगडावर आपटतं आणि तुम्ही फेकले जाता. अर्धा फेरा पुढे, जरा मागे, पुन्हा अर्धा पुढे, असं खुडूक-खुडूक. मोठा दगड आला की पुढचं चाक त्याला टेकण्याच्या क्षणी पॅडलला एक झटका आणि हात किंचित मागे, चाक उचललं जातं. ते दगडावर चढलं की लगेच वजन पुढे न्या, म्हणजे मागचं चाक मोकळं होऊन आपोआप वर येतं. बहुतेकांना पहिला भाग जमतो, दुसरा विसरतात, आणि मागचं चाक दगडाच्या तोंडाला अडकून राहतं.

नजर सहा-सात फूट पुढे. ज्या दगडाकडे बघाल त्यालाच चाक जाऊन लागेल. दोन दगडांमधल्या फटीकडे बघा.

आणि चालत जा. हे मी आग्रहाने सांगते. त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं येणारे सायकलवालेही उतरतात. उतरायचं ठरवलं तर दहा फूट आधी, सपाट जागी. सायकल उजव्या अंगाला धरा, म्हणजे साखळीचे दात पोटरीला लागणार नाहीत. उचलायची असेल तर सीटखालच्या नळीला धरून खांद्यावर. आमच्या गटातल्या एका मुलाने तिथे उतरायला नकार दिला, मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, दगडावर मोडला, आणि आम्ही चौघांनी आळीपाळीने त्याची सायकल रस्त्यापर्यंत ढकलली. पोराचं मनगटही सुजलं होतं. त्या संध्याकाळी तो फार गप्प होता. पुढच्या वर्षी तोच सर्वांत आधी उतरला.

मुळं

लाव्हा घाबरवतो, पण माणसं पडतात मुळांवर.

हेमलॉक आणि सीडरची मुळं वरच्यावर पसरतात. वाटेवरची मुळं चाकांनी आणि बुटांनी घासून साल गेलेली, गुळगुळीत, आणि इथल्या दमट हवेत बहुधा ओली. कोरड्या दिवसाच्या सकाळीही झाडांवरून दव ठिबकतं. ओलं सोललेलं मूळ म्हणजे साबणाची वडी.

मुळावर ब्रेक नाही, वळण नाही, पॅडलचा जोर नाही. या तिन्ही गोष्टी मुळाच्या आधी किंवा नंतर. मूळ दिसलं की चार फूट आधी मातीवर वेग कमी करा, मुळाला टेकण्याआधी दोन्ही बोटं ब्रेकवरून सैल करा, चाकं मोकळी फिरू द्या. चाक फिरतंय तोवर ते ओलांडून जातं. अडवलेलं चाक मुळाच्या उताराने बाजूला सटकतं. एवढं एक अंगात मुरलं तर निम्म्या पडण्यातून सुटका आहे.

शक्यतो काटकोनात. वाट तिरपी असेल तर त्याच अरुंद वाटेत आतल्या आत थोडं वळून मुळाला समोरून भिडा. ते शक्य नसेल तर पुढचं चाक हलकं करून वरून न्या. हलकं करणं म्हणजे उडी नव्हे. आधी गुडघे-कोपर दाबून खाली जा, आणि मूळ आलं की शरीर वर येऊ द्या. तेवढ्या क्षणापुरतं चाकावरचं वजन कमी होतं. मागच्या चाकाची चिंता करू नका. ते थोडं सरकलं तरी कंबर सैल असेल तर सायकल खालच्या खाली सावरते.

मुळांची जाळी आली, दहा-बारा एकामागोमाग, तर प्रत्येकाचा विचार करता येत नाही. सुरुवातीच्या मातीवर वेग ठरवा, शेवटी जिथे माती पुन्हा दिसते तिथे नजर लावा, मधे फक्त सैल राहा. नजर खाली आली की पाय आखडतात.

जाळीच्या कडेने कुणीतरी पाडलेली गुळगुळीत पायवाट दिसेल. मोह होईल. तिच्यावर जाऊ नका. त्या कडेच्या मातीखाली मुळांचे बारीक शेंडे असतात, झाडाचं पाणी पिणारे. चाकाने माती दाबली गेली की त्यांना हवा मिळत नाही. मध्यातून जा, नाहीतर मध्यातून चालत जा. चिखलाचं डबकं आलं तरी हाच नियम, बूट भिजले तर भिजू द्या.

साकव

ओढ्यांवर लाकडी साकव आहेत, काही एकाच ओंडक्याला वरून सपाट तासून केलेले, एका बाजूला कठडा. एका ऑक्टोबरात पावसानंतर मी असल्या साकवावर सायकलवरच गेले. मधोमध कठड्याला हँडलचं टोक लागलं, पुढचं चाक ओल्या लाकडावर आडवं गेलं आणि मी खालच्या पाण्यात. ओढा गुडघाभर होता म्हणून कोपर फुटण्यावर भागलं. थंडीने हात इतके बधिर झाले की दहा मिनिटं मला बँडेजचं पाकीट फाडता येईना. त्यानंतर माझा नियम असा: साकव ओला असेल, किंवा माझ्या हँडलपेक्षा दोन हात तरी रुंद नसेल, तर चालत. सायकल कठड्याच्या विरुद्ध बाजूला, मी कठड्याकडे.

डोह आणि माणसं

सहाली आणि कूसा हे दोन धबधबे, एक सुमारे १०० फूट आणि दुसरा ७०. नदीच्या दोन्ही काठांनी वाटा आहेत. सायकलीने पश्चिमेच्या काठानेच जायचं, हमरस्त्याकडची वाट चालणाऱ्यांची आहे. सायकल झाडाला टेकवू नका, सालीवरचं शेवाळ निघतं. जमिनीवर आडवी ठेवा, साखळी वरच्या बाजूला.

कार्मेनच्या पुढे नदी गुप्त होते. खरंच. कोरडं पात्र, शेवाळलेले दगड, आणि आवाज बंद. पाणी लाव्हाखालून वाहतं आणि टॅमोलिच म्हणजे निळ्या डोहात तळातून वर येतं. टॅमोलिच हा चिनूक जार्गन या इथल्या मूळ रहिवाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या जुन्या व्यवहारभाषेतला शब्द, अर्थ बादली. वरून बघितलं तर खरोखर कड्यांची बादली आहे, निळ्या पाण्याने भरलेली. कितीही उकडत असलं तरी उडी मारू नका. पाणी बारमाही ३-४ अंश सेल्सिअसला असतं. कड्यावरून उडी मारून इथे माणसं मेली आहेत, आणि जखमीला बाहेर काढायला मदत पोचेपर्यंत फार वेळ जातो.

डोहापर्यंत खालून ट्रेल ब्रिजकडून चालत येणाऱ्यांची रीघ असते, सुटीच्या दिवशी तर जत्रा. लहान मुलं, म्हातारी माणसं, कुत्री. म्हणून एकतर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा, नाहीतर सकाळी सातला तळ्यावरून निघा. सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, हा नियमच आहे. घंटी लावा, पण ती 'बाजूला व्हा' म्हणून वाजवू नका, वळणाआधी 'मी येतेय' म्हणून वाजवा. समोर माणूस दिसला की थांबा, पाय टेका, वाटेच्या कडेला उभे राहा, नमस्कार-चमत्कार करा, मागे किती जण आहेत ते सांगा. उभं राहताना वाट सोडून नेच्यांत घुसू नका. आपण थांबलो तर ते बाजूला होत नाहीत, आणि ते बाजूला झाले नाहीत तर वाट रुंद होत नाही.

ट्रेल ब्रिजच्या खाली वाट मऊ होते. सुयांसारख्या पानांचा थर, लांब वळणं, सायकल वाऱ्यासारखी जाते. इथेच जपा. पाय थकलेले, वेग दुप्पट, आणि तुरळक येणारी मुळं आता अनपेक्षित. वळणात मागचा ब्रेक दाबून चाक फरफटवण्याची हौस इथेच येते. पावसाळ्यात त्या चरातून पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी तिथे खड्डा असतो. वेग वळणाच्या आधी सरळ वाटेवर कमी करा, वळणात ब्रेक सोडा, बाहेरच्या पायावर वजन द्या, सायकल आत झुकू द्या. बेलनॅपला उन्हाळी म्हणजे गरम पाण्याचे झरे आहेत. पण अंग सैल पडलं की पुन्हा सायकलवर बसवत नाही, म्हणून आम्ही पूर्ण खाली पोचल्यावर गाडीने परत येतो.

जायचं कधी? जून ते ऑक्टोबर. त्याआधी वर बर्फ असतो. ऑगस्टपासून वणव्यांमुळे वाट बंद होऊ शकते, निघण्याच्या आदल्या दिवशी रेंजर स्टेशनला फोन करा. जोराचा पाऊस होऊन दोन दिवस झाले नसतील तर मी जात नाही. माती टायरला चिकटून वर येत असेल तर ती वाटेवरून उचलली जात असते.

आणि गाडीत एक कडक केसांचा जुना ब्रश ठेवा. निघण्याआधी घरीच टायरच्या खाचा, बुटांचे तळ, मोज्यांची वीण झाडून घ्या. विलॅमेटच्या खोऱ्यात फॉल्स ब्रोम नावाचं परकं गवत पसरलं आहे. त्याचं बी चिखलाबरोबर, कपड्यांबरोबर येतं, आणि एकदा झाडांखाली रुजलं की तिथली मूळ रोपं उठत नाहीत. खाली पोचल्यावर पुन्हा एकदा झाडायचं, रेंजर स्टेशनच्या पार्किंगमध्येच, डांबरावर. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे, अजून फक्त खालचे सहा मैल येते. मोज्यांतली कुसळं वेचायचं काम तिने स्वतःहून घेतलं आहे. वेचलेली कुसळं ती एका रिकाम्या डबीत भरते, झाकण लावते आणि घरच्या कचऱ्यात टाकते.